पऱ्हाटीतला तंतू आणि पाण्याचा हिशेब

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की मराठवाड्यातल्या शेतकऱ्यापुढे पऱ्हाटीचा, म्हणजे वावरात उरलेल्या झाडांचा, प्रश्न उभा राहतो. ती वावरात उभी ठेवावी तर गुलाबी बोंडअळीला आयता आसरा मिळतो, म्हणून फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पाणी देऊन पुन्हा घेतलेले पीक, घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटा, असे कृषी विभाग दरवर्षी बजावत असतो; २०१७ च्या हंगामात या अळीने केलेली धूळधाण ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. उपटलेली पऱ्हाटी चुलीपुरती घरी येते, थोडी ब्रिकेट, म्हणजे जळणाच्या कांड्या, तयार करणाऱ्या कारखान्यांकडे जाते आणि उरलेली बांधावर पेटवून दिली जाते. हेक्टरी दोन ते तीन टन असा साधारण हिशेब धरला, तरी जालना, बीड, परभणी आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतून दर हिवाळ्यात केवढा माल धुरात जातो, याची कल्पना येते. मी परभणीत पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवतो. या पऱ्हाटीतून अतिसूक्ष्म तंतू वेगळे काढता येतात आणि ते कुजणाऱ्या प्लास्टिकला बळकटी देतात, हे मी वर्गात सांगत आलो आहे आणि आमच्या छोट्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांबरोबर करूनही पाहिले आहे. त्या कामातून माझे जे मत बनले आहे, ते येथे सविस्तर मांडतो.

आधी तंतूविषयी. वनस्पतीच्या पेशीभित्तीचा सांगाडा सेल्युलोजचा असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायां यांनी १८३८ मध्ये हा पदार्थ वेगळा करून दाखवला. ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले जाऊन त्याची साखळी बनते. अशा १८ ते ३६ साखळ्या शेजारी-शेजारी घट्ट बसून तीन-चार नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) जाडीचा एक मूलतंतू तयार होतो, मूलतंतूंचे जुडगे होतात आणि जुडग्यांची मिळून पेशीची भिंत होते. ज्वारीच्या पिठातला स्टार्चही ग्लुकोजचाच बनलेला असतो. परंतु त्यात ग्लुकोजचे दुवे वेगळ्या कोनात जोडलेले असल्याने साखळी वळत-वळत जाते, तर सेल्युलोजची साखळी सरळ राहते आणि शेजारच्या साखळीला हायड्रोजन-बंधांनी जखडून घेते. त्यामुळे भाकरी आपल्याला पचते आणि कडबा पचवायला जनावरच लागते. या सरळपणामुळेच सेल्युलोजच्या स्फटिकमय भागाचा ताठपणा १३० ते १५० गिगापास्कल इतका भरतो. पोलादाचा ताठपणा सुमारे २०० असला, तरी पोलादाची घनता ७.८ आणि सेल्युलोजची जेमतेम १.६, म्हणजे वजनाच्या मानाने पाहिले तर पऱ्हाटीतला हा तंतू पोलादाच्या तिपटीहून अधिक ताठ ठरतो.

हा ताठपणा आख्ख्या पऱ्हाटीत मात्र आढळत नाही, कारण तिथे तंतूंच्या जुडग्यांमध्ये हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे तंतूंना सांधून ठेवणारे पदार्थ भरलेले असतात, पोकळ्या असतात आणि कमकुवत जागाही असतात. कापसाच्या बोंडातल्या रुईत सेल्युलोजचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते, पऱ्हाटीत ते ४० टक्क्यांच्या आगेमागे असते आणि लिग्निन २० ते २५ टक्के असते. म्हणून जुडगे सोडवून सुटे तंतू काढणे ही या विद्येची पहिली पायरी आहे. आपल्याकडे अंबाडीचा वाख काढताना हेच काम एका टप्प्यापर्यंत होत असे. अंबाडीच्या पेंढ्या ओढ्यात किंवा तळ्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवल्या की पाण्यातले जीवाणू तंतूंना धरून ठेवणारे पेक्टिन खाऊन टाकतात, मग साल सोलून निघते आणि त्या वाखापासून कासरे, दावी आणि चऱ्हाटे वळली जातात. वाखाचा एक धागा मात्र मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) काही दशांशांइतका बारीक नसतो. तो कितीतरी जाड असतो आणि त्याच्या आत लाखो मूलतंतू अजून एकमेकांना चिकटलेलेच असतात. तिथून पुढे नॅनोमीटरपर्यंत उतरायला पाणी आणि जीवाणू पुरे पडत नाहीत.

पुढच्या उतरणीचे तीन रस्ते आहेत. पहिला रस्ता यंत्राचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आयटीटी रेयोनियर कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्बिन टर्बक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडाचा लगदा दुधासाठी वापरल्या जाणाऱ्या होमोजनायझरमधून प्रचंड दाबाने पुन्हा पुन्हा काढला. लगद्याचे तंतू उभे चिरत गेले आणि शेवटी पारदर्शकतेकडे झुकणारा जेल हाती आला. दुसरा रस्ता आम्लाचा. स्वीडनमधील बेंग्ट रोनबी यांनी १९५० च्या सुमारास सल्फ्युरिक आम्लाने सेल्युलोजमधला अव्यवस्थित भाग विरघळवून नुसते स्फटिक मागे ठेवण्याची पद्धत दाखवली. आजही बहुतेक प्रयोगशाळांत ६४ टक्के आम्ल आणि ४५ अंश सेल्सिअस तापमान हीच कृती चालते. तिसरा रस्ता ऑक्सिडीकरणाचा. टोकियो विद्यापीठातील आकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी टेम्पो नावाच्या उत्प्रेरकाने मूलतंतूंच्या पृष्ठभागावर ऋणभार आणला. त्यामुळे तंतू एकमेकांना दूर लोटतात आणि अगदी थोड्या घुसळणीत सुटे होतात. या कामासाठी त्यांना योशिहारू निशियामा यांच्यासह २०१५ चा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. जपानने हा विषय प्रयोगशाळेच्या बाहेर किती पुढे नेला आहे, याची साक्ष म्हणजे २०१९ च्या टोकियो मोटर शोमध्ये मांडलेली मोटार. तिचे अनेक सुटे भाग सेल्युलोजच्या नॅनोतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचे होते आणि त्या कामाचे नेतृत्व क्योटो विद्यापीठाकडे होते.

आपल्या देशात मुंबईच्या माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून कापसाच्या प्रत्येक अंगावर काम करीत आली आहे आणि तिने नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्पही उभारला आहे. तेव्हा हे ज्ञान आपल्यापासून फार लांब आहे, अशी तक्रार करण्याला जागा नाही.

आता प्लास्टिककडे येतो. कुजणारे प्लास्टिक म्हणून बाजारात जे मिळते, त्यात तीन नावे मुख्य आहेत. साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून होणारे पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, ग्लिसरीन घालून मऊ केलेला स्टार्च, आणि पीबीएटी. यातले पीबीएटी बहुतांशी खनिज तेलापासूनच बनते, तरी सूक्ष्मजीव त्याला खाऊ शकतात. म्हणजे वनस्पतीपासून बनलेले असणे आणि कुजणारे असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदारापासून अधिकाऱ्यापर्यंत अनेकांची येथे गल्लत होते. नेहमीच्या प्लास्टिकमध्ये धातूचे क्षार मिसळून त्याचे तुकडे पाडणारा जो प्रकार ‘बायोडिग्रेडेबल’ या नावाने मध्यंतरी खपवला गेला, त्याचा तर कुजण्याशी संबंधच नाही. त्याचा नुसता चुरा होतो आणि चुरा गोळा करणे पिशवी गोळा करण्यापेक्षा अवघड असते.

या तिघांपैकी प्रत्येकाची खोड वेगळी आहे. पीएलए ताठ असते, पण ठिसूळ असते आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. पीबीएटी कितीही ताणले जाते, पण त्यात ताठपणा नसतो. स्टार्च सर्वांत स्वस्त, परंतु हवेतल्या दमटपणाप्रमाणे त्याचा स्वभाव बदलतो. परभणीच्या एप्रिलमध्ये आमच्या स्टार्चच्या फिती हातात घेताच तडकत आणि त्याच फिती जुलैमध्ये लुळ्या पडत. अशा पदार्थांत थोडे, म्हणजे वजनाच्या दोन ते दहा टक्के, नॅनोतंतू नीट पसरवले, तर ते एकमेकांना स्पर्श करीत आतल्या आत एक जाळे विणतात, ताण त्या जाळ्यावर वाटला जातो आणि पदार्थ बळकट होतो. जुन्या माळवदाच्या घरांसाठी भिंत लिंपताना मातीत भुसा कालवून ती मुरवत असत, त्यामागचे कारण हेच होते. माती दाब सहन करते, भुसा ताण सहन करतो आणि वाळताना भिंतीला भेगा पडत नाहीत. नॅनोतंतूंची करामत एवढीच की ते बारीक असल्यामुळे थोड्या वजनात अफाट पृष्ठभाग मिळतो आणि म्हणून थोड्याने काम भागते.

येथपर्यंतचे वर्णन कोणत्याही शोधनिबंधाच्या प्रस्तावनेत सापडेल. खरी अडचण पुढे आहे. ती पाण्याची आहे आणि मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला ती पहिल्यांदा दिसावी, हे साहजिक आहे.

सेल्युलोजला पाण्याची फार ओढ असते. त्याच्या पृष्ठभागावर सर्वत्र हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याला धरून ठेवतात. पाण्यात दोन टक्के नॅनोतंतू असले, तरी ते मिश्रण ओतता येत नाही, त्याचा घट्ट जेल होतो. म्हणजे एक किलो कोरड्या तंतूंबरोबर ४९ किलो पाणी बांधलेले असते. टनाच्या हिशेबाने बोलायचे तर एक टन तंतूंबरोबर ४९ हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर. आणि हे फक्त शेवटच्या जेलमधले पाणी झाले. त्याच्या आधी पऱ्हाटी कॉस्टिक सोड्यात शिजवल्यावर धुण्यासाठी, विरंजन करून रंग घालवल्यावर धुण्यासाठी आणि आम्लाचा रस्ता धरला असेल तर आम्ल घालवण्यासाठी लागणारे पाणी याच्या कितीतरी पट असते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या शेजारी बसून या आकड्यांकडे नुसते तांत्रिक तपशील म्हणून पाहता येत नाही.

पाणी लागते हे एक. ते काढून टाकणे हे त्याहून कठीण. ४९ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ११ कोटी ज्यूल उष्णता लागते, म्हणजे एका किलो तंतूमागे ३० युनिटांहून अधिक ऊर्जा निव्वळ वाळवण्यात जाते. गाळून पाणी कमी करावे, तर जेल गाळणीची भोके बुजवून टाकतो. आमच्या प्रयोगशाळेत सुरुवातीचा लगदा गाळायला काही मिनिटे पुरत आणि तोच लगदा बारीक झाल्यावर गाळणकागदावर रात्रभर बसून राही. इतके करून तो वाळवलाच, तर तंतू एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा पाण्यात घातले तरी सुटत नाहीत. सूक्ष्म करण्यासाठी केलेला सगळा खर्च त्या एका वाळवणीत मातीत जातो. फवारून वाळवणे, गोठवून वाळवणे, पाण्याच्या जागी अल्कोहोल आणून मग वाळवणे असे उपाय आहेत. परंतु त्यांतला कोणताही शेतमालाच्या भावात बसणारा नाही.

बरे, तंतू न वाळवता ओलेच प्लास्टिकमध्ये घालावेत, तर पीएलए पाण्याचे वैरी आहे. वितळलेल्या अवस्थेत पाण्याचा अंश असला की त्याची साखळी तुटत जाते आणि माल कमजोर होतो. म्हणून पीएलएचे दाणे यंत्रात घालण्याआधी दहा लाखांत अडीचशे भागांपेक्षाही कमी ओलावा राहील इतके कोरडे करावे लागतात. शिवाय पाण्याला धरून बसणारा तंतू तेलकट स्वभावाच्या पीएलएमध्ये मिसळायला तयार नसतो, त्याच्या गाठी होतात आणि प्रत्येक गाठ पुढे तडा जाण्याची जागा ठरते. आम्लाने काढलेल्या स्फटिकांच्या बाबतीत आणखी एक भर पडते. त्यांच्या पृष्ठभागावर राहिलेले सल्फेटचे गट उष्णतेने लवकर तुटतात, त्यामुळे पीएलए वितळण्याच्या तापमानालाच ते काळवंडू लागतात. शोधनिबंधांत जे झळझळीत आकडे दिसतात, त्यांतले बरेचसे क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात पीएलए विरघळवून, त्यात तंतू मिसळून, काचेवर ओतून वाळवलेल्या फितींचे असतात. ते काम खोटे नसते. मात्र कोणताही कारखाना त्या पद्धतीने पिशवी बनवणार नाही, हे ते आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

विजेचाही विचार करायला हवा. कोणतीही पूर्वप्रक्रिया न करता लगदा थेट होमोजनायझरमधून काढला, तर टनाला सुमारे २७,००० युनिट वीज लागल्याचा आकडा या क्षेत्रात वारंवार उद्धृत होतो. शेतातली पाच अश्वशक्तीची मोटर रात्रंदिवस सुमारे ३०० दिवस चालली, तर जेवढी वीज खाईल तेवढी ही झाली. एन्झाइमची किंवा ऑक्सिडीकरणाची पूर्वप्रक्रिया केल्यावर हा आकडा हजार-दीड हजारांपर्यंत उतरतो, म्हणून आता विजेचे दुखणे पूर्वीसारखे असाध्य राहिलेले नाही. पाण्याचे दुखणे तसेच आहे.

या सगळ्याचा विचार करून मी अशा निष्कर्षाला आलो आहे की, मराठवाड्याने पांढरे शुभ्र, अतिशुद्ध नॅनोसेल्युलोज तयार करण्याच्या नादी लागू नये. जितका तंतू शुद्ध, तितके धुणे अधिक. आपल्याला लागणारा माल कोणता, हे आधी ठरवावे आणि तेवढ्यापुरतेच शुद्धीकरण करावे.

माझ्या मते तो माल म्हणजे मल्चिंग पेपर. टरबूज, खरबूज, मिरची आणि टोमॅटो घेणारा शेतकरी आज ठिबकच्या नळीवर २५ ते ३० मायक्रॉनचा पॉलिथिनचा पेपर अंथरतो. तण दबते, ओल टिकते, पाणी वाचते आणि उत्पन्न वाढते. त्याचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. पीक निघाल्यावर मात्र तो पेपर सलग निघत नाही. उन्हाने जीर्ण झालेल्या त्याच्या चिंध्या काळ्या मातीत राहतात, पुढच्या नांगरटीत खाली जातात आणि वर्षानुवर्षे साचत राहतात. कुजणारा मल्चिंग पेपर हा यावरचा सरळ उपाय आहे आणि युरोपात त्यासाठी २०१८ पासून स्वतंत्र मानकही आहे. त्यानुसार असा पेपर जमिनीत दोन वर्षांच्या आत ९० टक्के कुजला पाहिजे. तरी तो आपल्याकडे रुळत नाही. किंमत हे एक कारण आहेच, पण दुसरे कारण असे की पीबीएटी आणि स्टार्चचा पेपर पॉलिथिनइतका पातळ केला, तर तो अंथरतानाच फाटतो, आणि न फाटण्याइतका जाड केला, तर महाग पडतो. नॅनोतंतूंनी येणारी बळकटी नेमकी येथे उपयोगी आहे.

तंतू इतका बारीक कशासाठी हवा, याचे उत्तरही येथेच मिळते. पेपरची जाडी २५ मायक्रॉन असेल आणि त्यात २० मायक्रॉन जाडीचा तंतू घातला, तर पेपरला बळ मिळण्याऐवजी भोक पडेल. उलट रोपवाटिकेतले ट्रे किंवा केशर आंब्याच्या कलमांसाठी लागणाऱ्या कुंड्या करायच्या असतील, तर तिथे भिंत दोन-तीन मिलिमीटर जाड असते आणि पऱ्हाटीचा चाळलेला भुकटा घातला तरी चालते. नॅनोचा अट्टहास तिथे निष्कारण आहे. अनुदानाच्या प्रस्तावात हा शब्द घातला की फाइल लवकर पुढे सरकते असे म्हणतात, तो भाग निराळा.

मल्चिंग पेपर बहुधा काळा, निदान खालच्या बाजूने तरी काळा असतो, ही या जोडणीतली सर्वांत सोयीची गोष्ट. काळ्या मालात घालायचा तंतू पांढरा कशाला करायचा? विरंजनाची पायरी गाळली की क्लोरीनयुक्त रसायने गेली, त्यांच्यानंतरचे धुणे गेले आणि तंतूवर थोडे लिग्निन राहिले. ते लिग्निन उपयोगी आहे. सेल्युलोजपेक्षा त्याला पाण्याची ओढ कमी असल्यामुळे तपकिरी तंतू पीबीएटीमध्ये जरा बरा मिसळतो आणि लिग्निन अतिनील किरण शोषत असल्यामुळे उन्हातही पेपर थोडा अधिक टिकतो. अशा अर्धशुद्ध तंतूंवर जगात बरेच काम झालेले आहे. ही माझी कल्पना नव्हे. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही कडबाकुट्टीत पऱ्हाटी बारीक करून ती सौम्य अल्कलीत शिजवली, एन्झाइमची मात्रा दिली आणि जोरात फिरणाऱ्या ब्लेंडरमध्ये बराच वेळ घुसळली. जे निघाले त्याचा रंग चहासारखा होता आणि तंतूंची जाडीही एकसारखी नव्हती; तरी स्टार्चच्या फितीत पाच टक्के घातल्यावर त्या हाताला स्पष्ट जाणवण्याइतक्या चिवट झाल्या. स्टार्च आणि सेल्युलोज या दोघांनाही पाणी प्रिय असल्यामुळे तिथे मिसळण्याचे भांडण होत नाही आणि तंतू ओलाच घालता येतो, वाळवण्याचा खर्च वाचतो. म्हणून माझा सल्ला असा की, तंतू आधी स्टार्चच्या लगद्यात ओला असतानाच मिसळावा आणि तो स्टार्च मग पीबीएटीच्या जोडीला घ्यावा. पीएलएच्या मागे सुरुवातीलाच लागू नये. पुणे जिल्ह्यात जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जैव-पॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला आहे, तेव्हा पीएलए उद्या जवळ आणि स्वस्त मिळू लागेल. परंतु वर सांगितलेले त्याचे पाण्याशी असलेले वैर त्यामुळे मिटणार नाही.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी या फिती हातात घेऊन विचारले होते, “सर, पऱ्हाटीचं खुंट वावरात राहिलं तर दोन-दोन पावसाळे कुजत नाही, मग तीच पऱ्हाटी घातलेला हा पेपर कसा काय कुजंल?” शंका रास्त होती. खुंट कुजत नाही ते लिग्निनच्या आवरणामुळे आणि त्याच्या जाडीमुळे. बुरशीला आणि जीवाणूंना आत शिरायला वाट सापडत नाही. तंतू नॅनोमीटरपर्यंत सुटा झाला की त्याचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग एन्झाइमला उघडा पडतो, आणि भोवतीचा स्टार्च तर त्याच्याही आधी संपतो. मात्र या सगळ्याला ओल हवी. मराठवाड्याची जमीन मे महिन्यात कितीही तापली, तरी ती कोरडी असते आणि कोरड्या जमिनीत काहीच कुजत नाही. पीएलए तर ओल असूनही शेतजमिनीत दाद देत नाही, त्याला कंपोस्टच्या मोठ्या ढिगातले ५८ अंशांच्या आसपासचे तापमान सतत लागते. उन्हाळी टरबुजाचा पेपर मे मध्ये मोकळा झाला, तर त्याचे कुजणे मृगाच्या पावसानंतरच सुरू होईल, असे धरून चालावे. युरोपातल्या जमिनीत घेतलेल्या चाचण्यांचे महिने इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

राहिला प्रश्न कारखाना कुठे घालायचा याचा. माझे उत्तर साखर कारखान्याच्या कुंपणाच्या आत असे आहे. उसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. रस आटवताना त्याची वाफ होते आणि ती थंड झाल्यावर गरम, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी कारखान्याला फुकट मिळते. तिथे वाफ आहे, सहवीजनिर्मिती आहे आणि उसाचा बगॅस, म्हणजे चोथा, तर ढिगाने आहे. त्यातही ४० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते आणि पऱ्हाटीपेक्षा तो सहज शिजतो. गाळपाचा हंगाम आणि पऱ्हाटी उपटण्याचा हंगाम एकाच काळात येतात, ही आणखी एक सोय. उसाला पाणी किती लागते आणि मराठवाड्यात तो किती असावा, हा वाद मला ठाऊक आहे आणि या प्रकल्पासाठी एक गुंठाही ऊस वाढवावा असे मी म्हणणार नाही. जे पाणी उसाबरोबर कारखान्यात आलेलेच आहे, ते दोनदा वापरावे एवढेच माझे म्हणणे आहे. बगॅस बॉयलरमध्ये जळतो आणि त्याची वीज विकली जाते, म्हणून तो फुकट नाही; पऱ्हाटीचाही गोळा करण्याचा, कुट्टी करण्याचा आणि वाहतुकीचा खर्च मोठा आहे, कारण ती हलकी आणि पसरट असते, ट्रॅक्टरची ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. कुट्टी शेतातच करून आणणे भाग आहे.

सोड्याच्या काळ्या पाण्याचे काय करायचे, हा मुद्दा बहुतेक प्रकल्प-अहवालांच्या शेवटच्या पानावर ढकललेला असतो. आपल्याकडे तो पहिल्या पानावर यायला हवा. पऱ्हाटी शिजवून उरलेल्या त्या पाण्यात सोडियम भरपूर असते, आणि ते पाणी काळ्या जमिनीवर गेले तर चिकणमातीचे कण फुगून सुटे होतात, निचरा थांबतो आणि जमीन चोपण होते. एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम आणि भरपूर पाणी लागते. सोड्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले, तर त्याच काळ्या पाण्यातले पोटॅश पिकाला उपयोगी पडू शकते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड सोड्यापेक्षा महाग पडते, परंतु पोटॅश खत आपण परदेशातून आणतो, हे धरले तर तो खर्च काही अंशी वसूल होतो. उदासिनीकरण करून, प्रमाण ठरवून ते पाणी कापसाच्या किंवा उसाच्या जमिनीवर दिल्यास काय होते, याची चाचणी शेतावरच घ्यावी लागेल, आणि ती माती-परीक्षण करणाऱ्या कृषी विद्यापीठाच्या विभागाने घ्यावी, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने नव्हे. आमच्या हातात आहे ते एवढेच की, येत्या हंगामात सोड्याच्या जागी पोटॅशने पऱ्हाटी शिजवून तंतू तितकाच सुटा होतो का आणि एका किलो तंतूमागे धुण्याचे पाणी किती लागते, हे लिटरमध्ये मोजून नोंदवायचे. तंतूची ताकद मोजणारी यंत्रे पुष्कळ आहेत. धुण्याच्या पाण्याचा आकडा मात्र मी वाचलेल्या फारच थोड्या निबंधांत दिलेला आढळला.